सुटणारा सांधा

आंतोनिओ स्ट्रॅडिव्हारी 1737 साली क्रेमोनात वारला तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती आणि सत्तरेक वर्षं लाकूड तासण्यात घालवली होती. त्याच्या हातची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत. त्यांत बहुतेक व्हायोलिनं, थोडे चेलो, त्याहून थोडे व्हायोला. नामवंत व्हायोलिनांना नावं आहेत, मालकांच्या वंशावळी आहेत आणि किमती आहेत. ‘लेडी ब्लंट’ नावाचं 1721 सालचं व्हायोलिन 2011 मध्ये जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात काढलं, तेव्हा त्याला 98 लाख पौंड आले.

अशा वस्तूबद्दल आपल्या मनात एक ठरलेली समजूत असते. कुणा एका थोर माणसाने ती पूर्ण केली, हात झटकले, आणि मग ती जशीच्या तशी काळातून वाहत आपल्यापर्यंत आली. दगडी मूर्तीबाबत हे बऱ्याच अंशी खरंही असतं. पण आज मैफलीत वाजणाऱ्या जवळजवळ एकाही स्ट्रॅडिव्हारी व्हायोलिनची मान त्याने बसवली होती तशी राहिलेली नाही. बोटांखालची काळी पट्टी त्याची नाही. घोडी, खुंट्या, तारा त्याच्या असण्याचा प्रश्नच नाही. पोटात चिकटवलेली लांब पट्टी, जिला बेस बार म्हणतात, तीही नंतरच्या कुणाची. त्याने बसवलेली मान जागेवर पाहायची तर फ्लोरेन्सच्या आकादेमिया संग्रहालयात जावं लागतं. तिथे 1690 साली मेदिची घराण्यासाठी केलेला एक भला मोठा व्हायोला आहे. राजघराण्याच्या संग्रहातून तो बाहेर पडला नाही म्हणून वाचला, आणि वाजवायला इतका अवजड की त्याच्या वाटेला फारसं कुणी गेलंही नसावं.

तेव्हा ही वाद्यं ‘इतके बदल सोसूनही’ टिकली असं जे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ती बदलता येत होती म्हणून टिकली. आणि बदलता येत होती याचं कारण एक कमकुवत चिकटण आहे, ज्याकडे कौतुक करणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही.

आधी बदल कसले झाले ते पाहू. व्हायोलिन म्हणजे एक पोकळ पेटी. सतारीच्या भाषेत बोलायचं तर वर स्प्रूसच्या लाकडाची तबली, खाली मेपलची पाठ, आणि दोहोंच्या मधे मिलिमीटरभर जाडीच्या वाकवलेल्या बरगड्या. तबलीची जाडी साधारण तीन मिलिमीटरच्या आतच. सगळा ऐवज अर्ध्या किलोलाही पोचत नाही. या पेटीवर घोडी उभी, घोडीवरून चार तारा, आणि त्या तारांचा एकूण ताण आजच्या हिशेबाने वीस किलोच्या पुढे. स्ट्रॅडिव्हारीच्या काळी तारा तातीच्या होत्या आणि ताण पुष्कळ कमी. तेव्हाची मान थोडी आखूड आणि जवळजवळ सरळ असे. ती पेटीला टेकवून आतल्या बाजूने खिळे ठोकत आणि मग पेटी बंद करत. राजवाड्याच्या दिवाणखान्यात किंवा चर्चमध्ये वाजायला एवढं पुरे होतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी दिवाणखाना सुटला. तिकीट काढून लोक सभागृहात येऊ लागले, वाद्यवृंद मोठे झाले, षड्जाची पट्टी वर सरकत गेली, वादक वरच्या सप्तकात हिंडू लागले. 1782 मध्ये व्हियोट्टी हा व्हायोलिनवादक पॅरिसमध्ये वाजला आणि त्याच्या वाजवण्याबरोबर स्ट्रॅडिव्हारीचंही नाव तिथे गाजलं. मग हाती असलेल्या जुन्या व्हायोलिनांतून नवा आवाज काढायचा उद्योग सुरू झाला. मान किंचित लांब केली, मागे कलती केली, म्हणजे तारा घोडीवर जास्त कोनात वाकतात आणि तबलीवर जास्त दाब देतात. तो दाब पेलायला आतला बेस बार लांब आणि जाड केला. घोडी उंच झाली. पुढे पहिली तार पोलादी आली. मिलानचे मांतेगाझा बंधू हे काम करणाऱ्यांतले सुरुवातीचे. नंतर पॅरिस आणि लंडनच्या कारखान्यांत ते रोजचं झालं.

मान बदलताना एक गोष्ट मात्र जपली गेली. वरची कोरीव गुंडाळी, म्हणजे व्हायोलिनचं डोकं, ही करणाऱ्याची सही मानली जाते. ती फेकायची कशी? म्हणून जुनं डोकं कापून नव्या मानेवर त्याचं कलम केलं. अस्सल जुन्या व्हायोलिनच्या खुंट्यांच्या घराच्या दोन्ही गालांवर नीट पाहिलं तर एक बारीक तिरकी रेघ दिसते, तिथे एका शतकाचं लाकूड संपून दुसऱ्या शतकाचं सुरू होतं. ही रेघ म्हाताऱ्या वाद्याची खूण आहे हे ओळखून जर्मनीतल्या स्वस्त व्हायोलिनांच्या उत्पादकांनी कधीही न कापलेल्या कोऱ्या मानेवर तशीच रेघ ओढून दिली. दुरुस्तीचीसुद्धा नक्कल होते, म्हणजे दुरुस्तीची इभ्रत केवढी होती ते समजावं.

आता मूळ मुद्दा. हे सगळं करायला पेटी उघडावी लागते. एवढ्या पातळ लाकडाची बंद पेटी न मोडता उघडायची कशी?

उत्तर सरसात आहे. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला सरस आपल्याकडच्या जुन्या सुतारांनाही घरचा. पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, गरम असतानाच लावायचा, थंड झाला की धरतो. धरतो तेव्हा पक्का धरतो, पण ओल आणि ऊब यांच्यापुढे पुन्हा नमतो. व्हायोलिन करणारा त्याचे दोन प्रकार ठेवतो. पाठ, बरगड्या, मान यांना दाट सरस. तबली बसवताना मात्र मुद्दाम पाणी घालून पातळ केलेला. म्हणजे सगळ्यात जास्त भार झेलणारा भाग सगळ्यात हलक्या चिकटणीने बसवलेला असतो.

तबली काढताना पाहण्यासारखं असतं. दुरुस्ती करणारा पातळ, बोथट पात्याची सुरी घेतो. धारदार सुरी चालत नाही, ती लाकडात शिरेल. बोटांच्या पेरांनी कडेने टकटक करत जातो, कुठे आवाज पोकळ येतो ते ऐकतो. तिथे शिवण आधीच थोडी सुटलेली असते. त्या फटीत सुरीचं टोक सरकवायचं, हवं तर स्पिरिटचा एखादा थेंब सोडायचा, आणि मनगट हळूच वळवायचं. कोरडा सरस कट्‌कट् करत सुटत जातो. तो आवाज एकसारखा येतोय तोवर ठीक. आवाज बदलला, चरचर आली, की हात थांबवायचा, कारण आता सरसाऐवजी लाकडाचा तंतू उचलला जातोय. कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. शेवटी तबली हातात येते आणि दोन-तीनशे वर्षांचं पोट उघडं पडतं. कोपऱ्यांत विलो लाकडाचे ठोकळे, गोल पटाशीच्या खुणा, कधी जुन्या भेगेवर लावलेल्या लाकडाच्या बारक्या टिकल्या, आणि आधी कुणी उघडलं होतं त्याने पेन्सिलीने टाकलेलं नाव आणि साल.

सरस कमकुवत ठेवण्याचं कारण नुसतं पुढच्या दुरुस्तीची सोय एवढंच नाही. लाकूड कापल्यावरही हवेतली ओल पीत आणि सोडत राहतं, आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं. थंड देशात हिवाळ्यात खोल्या तापवल्या की हवा सुकते, तबली आकसते, पण बरगड्यांनी तिला कडेने धरून ठेवलेलं असतं. ताण कुठेतरी बाहेर पडणारच. चिकटण लाकडाहून घट्ट असेल तर तबली मधोमध चिरते. चिकटण लाकडाहून हलकी असेल तर शिवण सुटते. शिवण सुटली की आवाज भरकटतो, वाद्य खरखरतं, वादक कुरकुरत कारागिराकडे जातो. चमचाभर सरसाचं काम. तबली चिरली तर मात्र ते वाद्य आजन्म आजारी.

इथे एक सावधगिरी हवी. स्ट्रॅडिव्हारीला तीनशे वर्षांनंतरचं दिसत होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या आधी दीडशे वर्षं आंद्रेआ आमाती हेच करत होता, आणि त्याच्याही आधीचे ल्यूट करणारे. 1630 च्या प्लेगमध्ये क्रेमोना ओस पडलं, आमाती घराण्यातला निकोलो तेवढा धंद्यात उरला, त्याने घराबाहेरचे शागीर्द घेतले, आणि त्या शागिर्दांतून ग्वार्नेरी घराणं उभं राहिलं. स्ट्रॅडिव्हारीनेही 1666 च्या आपल्या एका चिठ्ठीवर स्वतःला निकोलोचा शिष्य म्हणवलंय. सरसाची ही पद्धत त्या परंपरेतून आली. कुणा एकाची प्रतिभा तिच्यामागे नाही, आणि दूरदृष्टीही नाही. आपलं काम शेवटचं नाही, आपल्यानंतर कुणीतरी हे उघडणार आहे, एवढं मात्र तिच्यात गृहीत आहे.

आणि याच गृहीतामुळे कीर्तीची उलथापालथ झाली. अठराव्या शतकात सगळ्यात जास्त मान होता तो टायरॉलमधल्या आब्सामच्या याकोब स्टायनरला. त्याच्या व्हायोलिनांची तबली उंच फुगीर, आवाज गोड आणि जवळचा. दिवाणखान्याला साजेसा. स्ट्रॅडिव्हारी त्याच्या मागे होता. पण मान कलती करून दाब वाढवला तेव्हा चपट्या घाटाची क्रेमोनाची व्हायोलिनं मोठ्या सभागृहात पोचू लागली आणि स्टायनरची फुगीर व्हायोलिनं तिथे कमी पडली. पारडं फिरलं ते कायमचं. स्ट्रॅडिव्हारीचं आजचं स्थान हे अशा एका बदलाला त्याचं वाद्य मानवलं म्हणून आहे, आणि तो बदल त्याने पाहिलाही नव्हता. स्टायनर आवडणाऱ्यांवर हा अन्यायच झाला असं मला वाटतं, पण ते असो.

उघडणाऱ्या सांध्यातून फक्त शहाणे हातच आत गेले असंही नाही. तबली जाड आहे, आवाज अडतो, असं ठरवून कित्येकांनी ती आतून खरवडून पातळ केली. खरवडलेलं लाकूड परत येत नाही. जुने चेलो तर आडदांड असत. नव्या वादनाला ते गैरसोयीचे झाले तेव्हा ते सरळ कापून लहान केले. आंद्रेआ आमातीने सोळाव्या शतकात केलेला आणि फ्रेंच राजाच्या चिन्हांनी रंगवलेला ‘किंग’ नावाचा चेलो आज अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हर्मिलियनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीवरचं चित्र मधोमध खाल्लेलं दिसतं, कारण लहान करताना मधलं लाकूड काढून उरलेल्या बाजू जोडल्या. पाहताना जीव कळवळतो. पण कापला नसता तर एकोणिसाव्या शतकात तो कुणी वाजवला असता का, आणि वाजवला नसता तर जपला असता का, याचं उत्तर सोपं नाही.

व्यापाऱ्यांचा हातही यात आला. स्ट्रॅडिव्हारीचा मुलगा पाओलो कापडाच्या धंद्यातला. त्याच्याकडून काउंट कोझिओने 1775 च्या सुमारास कारखान्यातली हत्यारं, साचे आणि उरलेली व्हायोलिनं विकत घेतली. कोझिओ प्रत्येक वाद्याची मापं टिपून ठेवी. या विषयातलं आपलं बरंचसं ज्ञान त्याच्या वह्यांवर उभं आहे. त्याच्याकडून काही वाद्यं लुइजी तारिसिओ नावाच्या फिरत्या व्यापाऱ्याकडे गेली. तारिसिओ खेडोपाडी फिरून जुनी व्हायोलिनं गोळा करी आणि पॅरिसला नेऊन विकी. एका व्हायोलिनबद्दल तो तिथे नुसत्या गप्पा मारी, दाखवत कधीच नसे. ज्याची वाट पाहायची आणि जो येत नाही तो मसीहा, असं कुणीतरी चिडून म्हणालं, आणि ‘मसाया’ (मसीहाचं इंग्रजी रूप) हेच नाव त्या 1716 च्या व्हायोलिनला चिकटलं. 1854 मध्ये तारिसिओ वारला. पॅरिसचा व्हायोलिन कारागीर झां बातिस्त व्हियोम तातडीने इटलीला गेला आणि त्याच्या वारसांकडून सगळा साठाच घेऊन आला. ‘मसाया’ त्यात होतं.

ते आज ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयात काचेमागे आहे. रोगण इतकं ताजं की काल लावल्यासारखं. न वाजलेलं, न झिजलेलं स्ट्रॅडिव्हारी म्हणून त्याची ख्याती. मौज अशी की तेही अनाघ्रात नाही. व्हियोमने त्याची मान लांबवली, बेस बार बदलला, खुंट्या आणि तारा अडकवायचा तुकडा स्वतःच्या हौसेने कोरून बसवला. न बदललेल्या व्हायोलिनचा नमुना म्हणून आपण जे दाखवतो तेसुद्धा बदललेलंच. शिवाय व्हियोम हा त्या काळचा सगळ्यात तरबेज नक्कल करणारा. म्हणून 1990 च्या दशकाच्या शेवटी शंका निघाली की हे मुळात त्यानेच केलेलं नसेल ना? मग तबलीच्या लाकडावरची वर्षकडी मोजली. शेवटचं कडं 1687 चं निघालं, म्हणजे 1716 शी विसंगत काही नाही. झाडाचं वय त्यावरून कळतं, हात कुणाचा ते कळत नाही. तरी बहुतेक जाणकारांनी त्यावर समाधान मानलं, आणि मलाही ते पुरेसं वाटतं.

मग आपण ऐकतो ते काय? घाट, कडेची रेघ, तबलीवरची दोन वळणदार छिद्रं, लाकूड, ही त्या माणसाची. ताण, कोन, आतला आधार हे दुसऱ्यांचे. रोगणाचं गूढ तर 2009 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी पाच वाद्यांचे कण तपासून बरंच उतरवलं: तेल, पाइनची राळ, थोडं रंगद्रव्य. चित्रकाराच्या घरात सापडावं असंच सगळं. 2010 मध्ये इंडियानापोलिसला 21 वादकांना काळे गॉगल घालून अंधाऱ्या खोलीत जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, तेव्हा त्यांना जुनी कोणती ते ओळखता आलं नाही आणि पसंतीही नव्यांकडे झुकली. नंतर पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांबरोबर तसाच प्रयोग झाला. त्यांतल्या सहांनी नवं व्हायोलिन निवडलं. यावरून स्ट्रॅडिव्हारीचं पितळ उघडं पडलं असं म्हणणाऱ्यांची घाई मला कळत नाही. नवी व्हायोलिनं करणाऱ्यांनी ती कशावरून शिकली? उघडलेल्या जुन्या व्हायोलिनांवरूनच. आतली मापं, जाडीचे नकाशे, ठोकळ्यांचे आकार सांधा सुटत नसता तर कुणाला कळले असते? जुन्याचं अंतरंग दोनशे वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर उघडं पडत राहिलं, त्यातून आजचा कारागीर तयार झाला.

बाजारभाव मात्र उलट चालतो. ‘लेडी ब्लंट’ला ती रक्कम आली कारण ते कमी वाजलं आणि कमी छेडलं गेलं. जे हात लागल्यामुळे वाजतं त्याला कमी दाम, जे हात न लागता कपाटात राहिलं त्याला जास्त. संग्राहकाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल.

आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हा विचार समजावून सांगावा लागणार नाही. तानपुऱ्याची जवारी वाजून वाजून झिजते, मग घोडीचा माथा पुन्हा घासून नवी जवारी काढतात, आणि कारागीर बदलला की त्याच तानपुऱ्याचा आवाजही बदलतो. व्हायोलिनही आपल्याकडे आलं तेव्हा गजाननबुवा जोशी किंवा व्ही. जी. जोग यांसारख्या वादकांनी व्हायोलिनचा सूरच बदलून मांडला, डोकं पायाशी टेकवून मांडी घालून वाजवलं, आणि त्या पेटीने तेही निमूट मान्य केलं.

पण सरसाची खरी परीक्षा आमच्या पावसाळ्यात होते. मुंबई-गोव्यात जूननंतर हवेतच एवढं पाणी असतं की व्हायोलिनच्या शिवणी आपोआप सैल होतात. वाजवणारा घाबरतो, जवळच्या सुताराकडे जातो, आणि तो बिचारा आपल्या परीने चांगलं काम करतो: पांढरा गोंद भरून, शिकंजा लावून, पुन्हा कधीच सुटणार नाही असा सांधा करून देतो. पावसाळा सरून हवा कोरडी पडते, तबली आकसते, सांधा हलत नाही. मग भेग पडते ती लाकडात, बहुधा घोडीच्या आसपास, जिथे पोटात तबली आणि पाठ यांच्या मधे टेकवलेली काडी उभी असते. तबली उतरवायला आलेल्या कारागिराला कडेचं लाकूड गोंदासकट छिन्नीने तासत जावं लागतं आणि गेलेल्या कडेला नवं लाकूड लावावं लागतं. सरसाच्या शिवणीला जिथे एक रात्र लागली असती, तिथे काही आठवड्यांचं काम होऊन बसतं, आणि बिल बहुधा व्हायोलिनच्या किमतीहून मोठं येतं.